चौथऱ्याच्या आतलं आणि खालचं: पुतळ्यांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात चौकातला ब्राँझचा पुतळा कसा बनतो यावर मी दोन पानं लिहिली होती, त्यावर एवढे प्रश्न आले की संपादकांनी सरळ गठ्ठाच पाठवून दिला आणि म्हणाले आता तुम्हीच निस्तरा. मी काही नावाजलेला शिल्पकार नाही. एका स्टुडिओत आणि फाउंड्रीत मिळून सत्तावीस वर्षं माती, मेण, धातू हेच करत आलोय, त्यामुळे उत्तरं कामगाराच्या बाजूने येतील, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न: आमच्या नगरपालिकेच्या चौकात महाराजांचा अश्वारूढ पुतळा बसवायचा आहे. वर्गणी जमली आहे. आता ऑक्टोबर चालू आहे आणि १९ फेब्रुवारीला अनावरण ठरलंय, मंत्र्यांची वेळ पण घेतली आहे. एकाने चार महिन्यांत बारा फुटी पुतळा देतो म्हणून सांगितलं, फुटावर रेट दिलाय. योग्य आहे का?
(पुतळा समिती सदस्य, मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव)

साहेब, स्पष्टच सांगतो, नाही होणार. म्हणजे १९ तारखेला चौथऱ्यावर काहीतरी उभं दिसेल, हार पडतील, फटाके फुटतील, पण त्याच्या आत काय घाईगडबड केलीये ते तुम्हाला दिसणार नाही आणि ते पाचव्या-सातव्या पावसाळ्यात बाहेर येईल.

क्रम बघा. आधी दोन-अडीच फुटाचं मातीचं छोटं मॉडेल. ते समिती बघते, मग टोप असा नको, तलवार म्यानात की हातात, घोड्याची मान जास्त वाकलीये, यावर दोन-तीन मीटिंगा होतात आणि त्या व्हायलाच पाहिजेत कारण नंतर बदल करता येत नाही. मग पूर्ण साइजचा लोखंडी सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर माती. बारा फुटी घोडेस्वाराला माती टनाच्या हिशोबात लागते आणि ती सगळी रोज ओली ठेवायची, रात्री ओली पोती आणि प्लास्टिक गुंडाळून. एकदा मे महिन्यात आम्ही चार दिवस लग्नाला गेलो, पोराला पाणी मारायला सांगितलं होतं, तो क्रिकेट खेळत बसला, आलो तर घोड्याच्या छातीला हात जाईल एवढी भेग! पंधरा दिवस गेले त्यात.

माती पास झाली की साचा, साच्यातून फायबरची किंवा प्लास्टरची कॉपी, तिचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा परत साचा, त्यात आतून मेणाचा थर. या मेणाची जाडी म्हणजेच उद्याच्या धातूची जाडी, साधारण सहा मिलीमीटर. मेणाला धातू आत जायच्या आणि हवा बाहेर निघायच्या नळ्या जोडायच्या, सगळं विटांचा भुगा आणि प्लास्टरच्या साच्यात गाडायचं, भट्टीत दिवसचे दिवस भाजायचं म्हणजे मेण वितळून जातं आणि जागा रिकामी राहते. मग त्या जागेत अकराशे डिग्रीच्या वर तापलेला धातू. साच्यात ओल राहिली तर धातू उसळून अंगावर येतो, म्हणून या भाजण्यात कुणी घाई करत असेल तर तिथून लांब उभं राहा. घोडेस्वाराचे असे तीस-चाळीस, कधी पन्नास तुकडे होतात, ते जुळवून वेल्डिंग, मग ग्राइंडर आणि छिन्नीने सांधे असे मारायचे की बघणाऱ्याला सांधा सापडू नये, मग आतला स्टीलचा सांगाडा, मग रंग, म्हणजे केमिकल लावून आणि गॅसच्या ज्योतीने तापवून आणलेला तपकिरी-काळपट रंग. आता यातलं काय काय चार महिन्यांत बसतं ते तुम्हीच सांगा. मला विचाराल तर सव्वा ते दीड वर्ष.

आता फुटावर रेट. ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि गिऱ्हाईक हमखास फसतं. सहा फुटी पुतळा बारा फुटी केला की उंची दुप्पट होते पण अंगाचं क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणजे तीच जाडी ठेवली तर धातू चौपट लागतो आणि भट्टीतली, वेल्डिंगची मेहनत पण त्याच मापाने वाढते. फुटाला ठरलेला रेट घेऊन मोठा पुतळा करणारा माणूस घाट्यात जाणार नसेल तर तो कुठून वाचवणार? जाडीतून! सहाचे तीन मिलीमीटर करायचे, बाहेरून कुणाला कळतंय. म्हणून ऑर्डर देताना कागदावर लिहून घ्या: एकूण वजन किती किलो, जाडी किती, धातू कोणता. आपल्याकडे पुतळ्याला गनमेटल म्हणजे ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के हे मिश्रण बरंच चालतं, त्याचा टेस्ट रिपोर्ट मागा, लॅबमध्ये काही तासांचं काम आहे. आतलं स्टील कुठल्या ग्रेडचं आणि स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर सही कुणाची हेही विचारा. अनावरण कुणाच्या हस्ते याच्यावर समिती तीन तास भांडते आणि ड्रॉइंगवर सही कुणाची हे कुणी विचारत नाही, हा माझा अनुभव.

तारखेचं म्हणाल तर पुण्यातलं उदाहरण घ्या. शिवाजीनगरला मिलिटरी स्कूलच्या आवारात महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, शिल्पकार नानासाहेब करमरकरांनी केलेला, अलिबागजवळच्या सासवण्याचे ते. शाहू महाराजांनी पुढाकार घेतलेलं काम, १९२१ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते पायाभरणी झाली आणि अनावरण झालं १९२८ च्या जूनमध्ये. मधल्या काळात शाहू महाराज गेले सुद्धा. साडेतेरा फुटांचा पुतळा मुंबईत एकसंध ओतला आणि रेल्वेने पुण्याला आणला, घाटातले बोगदे पार करून. जाऊन एकदा त्या घोड्याच्या पायाच्या शिरा बघा.

मंत्र्यांची वेळ पुढच्या वर्षीची मिळते हो, ते येतातच.

प्रश्न: घोड्याचे दोन्ही पुढचे पाय वर असतील तर स्वार युद्धात मेला, एक पाय वर असेल तर जखमांनी मेला, चारही खाली असतील तर नैसर्गिक मृत्यू, असा नियम आहे ना? आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर सहा महिन्यांनी येतं.
(वाचक, बार्शी)

नाही असा नियम. कोल्हापुरात कावळा नाक्याला ताराराणींचा पुतळा आहे, रवींद्र मेस्त्रींनी केलेला, घोडा मागच्या दोन पायांवर उसळलाय. ताराराणी १७६१ मध्ये साताऱ्याला गेल्या, वय शहाऐंशीच्या आसपास, वार्धक्याने. आता बसवा तुमचा नियम. ग्रुपवर हे एकदा टाका, सहा महिने तरी शांतता मिळेल.

पण पायांच्या मागे खरी गोष्ट आहे ती वजनाची, आणि ती कुणी फॉरवर्ड करत नाही म्हणून इथे सांगतो. चार पायांवरचा घोडा म्हणजे टेबल. एक पाय उचलला तरी तिपाई झाली, चालतं. दोन्ही पुढचे उचलले की सगळा भार मागच्या दोन घोट्यांवर, आणि घोड्याचा घोटा म्हणजे शरीरातला सगळ्यात बारीक भाग! तिथून स्टीलचा दांडा किंवा पाइप खाली चौथऱ्याच्या काँक्रीटमध्ये खोल न्यावा लागतो, वरती तो पोटातल्या सांगाड्याला जोडायचा. बाहेरून ब्राँझचा पाय दिसतो, काम आतला दांडा करतो. जुन्या लोकांनी यासाठी काय काय युक्त्या केल्या. माद्रिदला राजा चौथ्या फिलिपचा पुतळा आहे, १६४० चा, त्यात घोड्याची शेपटी खाली टेकवून तिसरा पाय केलाय, त्या कामात गॅलिलिओचा सल्ला घेतला होता असं सांगतात, पुढचा भाग पोकळ आणि मागचा भरीव. रशियात सेंट पीटर्सबर्गला पीटर द ग्रेटचा घोडा, १७८२ चा, त्याच्या पायाखाली साप तुडवलेला दाखवलाय, बघणाऱ्याला वाटतं साप म्हणजे शत्रू, असेलही, पण तोच साप शेपटीला लागून आधार देतो. मला ही दुसरी युक्ती फार आवडते.

प्रश्न: मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा पडला तो नेमका का पडला? वाऱ्याने पुतळा पडू शकतो का? आमचं गाव पण खाडीकाठी आहे आणि आमच्याकडे पण पुतळा प्रस्तावित आहे.
(निवृत्त शिक्षक, रत्नागिरी जिल्हा)

सर, कोर्टाचं काम कोर्ट करेल, कुणाचा दोष किती यात मी पडत नाही. जे उघड आहे तेवढं सांगतो. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण आणि २६ ऑगस्ट २०२४ ला पुतळा खाली. नऊ महिने पण धड नाही. पडायच्या काही दिवस आधी बांधकाम खात्याच्या इंजिनिअरने नटबोल्ट गंजल्याचं लेखी कळवलेलं होतं. पडल्यावर वारा ताशी ४५ किलोमीटर होता असं सांगण्यात आलं.

आता या ४५ चं गणित करू, अवघड नाही. वाऱ्याच्या दाबासाठी आपल्याकडे आयएस ८७५ नावाचं स्टँडर्ड आहे, त्यातलं सूत्र म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले ०.६, वेग मीटर प्रति सेकंदात. पुण्यासाठी त्यात मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद धरतात, मुंबईला ४४. ३९ म्हणजे ताशी १४० किलोमीटर! त्याचा दाब येतो चौरस मीटरला साधारण ९३ किलो. आणि ताशी ४५ चा? साडेनऊ किलो. म्हणजे कुठलाही पुतळा डिझाइन करताना ज्या वाऱ्याला तो उभा राहिला पाहिजे असं गृहीत धरतात त्याच्या दहाव्या हिश्शाचा दाब. तेवढ्याने पुतळा पडत नसतो. आपल्याकडे पावसाळ्यात ४५ चा वारा म्हणजे छत्री उलटी होते, एवढंच.

दुसरी गोष्ट मापाची. कला संचालनालयाने मान्यता दिली होती ती सहा फुटांच्या मातीच्या मॉडेलला आणि उभा राहिला ३५ फुटी, असं तेव्हा संचालनालयाकडून सांगितलं गेलं. वर बारा फुटाचं गणित केलं ना, तेच इथे करा. सहाचे पस्तीस म्हणजे उंची जवळपास सहापट, वारा अडवणारं अंग चौतीसपट. मॉडेलमध्ये चेहरा, पोशाख, ठेवण हे बघता येतं, ताकद नाही बघता येत. ताकदीचा हिशोब वेगळ्या माणसाने वेगळ्या कागदावर करायचा असतो.

आणि तिसरी, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची: खारी हवा. ब्राँझ स्वतः समुद्राकाठी चांगलं टिकतं, जहाजांचे पंखे ब्राँझचेच असतात. पण ब्राँझला साधं लोखंड चिकटवलं आणि मध्ये खारं पाणी गेलं की छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यात बळी जातं लोखंड. वर गंज फुगतो, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणजे सांधे आतून उकलतात. हे काही नवीन ज्ञान नाहीये. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ चा, तांब्याचा पत्रा जेमतेम अडीच मिलीमीटर आणि आत लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, मध्ये इन्सुलेशन होतं पण ते झिजलं, शंभर वर्षांत पट्ट्या इतक्या गंजल्या की १९८६ पर्यंत बहुतेक सगळ्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घालाव्या लागल्या. तो बंदरात उभा आहे, तुमचा खाडीकाठी.

तुमच्या समितीला सांगा: आतलं सगळं स्टेनलेस, ३१६ ग्रेड, बोल्टसकट. ३०४ स्वस्त पडतं पण खाऱ्या हवेला ३१६ च घ्या. आणि पायात, बुटांच्या टाचेजवळ, पाणी निघायला भोकं. पुतळा पोकळ असतो, कुठल्यातरी सांध्यातून पावसाचं पाणी आत जातंच, त्याला बाहेर यायला वाट नसेल तर घोट्यात साठून राहतं आणि नेमकं जिथे सगळा भार आहे तिथेच कुजवतं. भोक करंगळीएवढं पुरतं. ते दिसायला वाईट दिसतं म्हणून एका गावच्या उत्साही कार्यकर्त्यांनी एम-सीलने बुजवलं होतं. राजकोटला आता ११ मे २०२५ ला नवीन, ६० फुटी पुतळा उभा राहिलाय, मालवणला गेलात तर सिंधुदुर्ग किल्ल्याआधी तिथे चक्कर मारा.

प्रश्न: आमच्या गावातला पुतळा हिरवा पडलाय. दर जयंतीला सोनेरी ऑइलपेंट मारतात. दुधाचा अभिषेक पण होतो. हे बरोबर आहे का, आणि बोललं तर भावना दुखावतात, काय करू?
(वाचक, सांगली जिल्हा)

हिरवं पडणं हा रोग नव्हे, ब्राँझचा तो स्वभाव आहे, एकसारखा पातळ हिरवट थर उलट आतल्या धातूला जपतो. काळजी करायची ती पावडरसारखे फिके हिरवे ठिपके पडून खाली खड्डे दिसत असतील तर.

ऑइलपेंट मात्र बंद करा, हात जोडून सांगतो. आम्ही एकदा एका जुन्या पुतळ्याचा रंग काढायला बसलो, पापणीजवळ ब्लेडने हळू खरवडलं तर कांद्यासारखे पदर, सोनेरी, चॉकलेटी, काळा, परत सोनेरी, अकरा मोजले. शिल्पकाराने पापणीची कड, ओठाचा कोपरा किती जीव लावून केला असेल, ते सगळं रंगात बुजून चेहरा बाहुल्यासारखा झाला होता. गावातले म्हातारे आले बघायला, रंग निघाल्यावर एक जण म्हणाले, अरे हे तर आमच्या लहानपणी असेच दिसायचे. रंग काढताना पेंट रिमूव्हर आणि लाकडी खरवडणी, सँडब्लास्टिंग नको, ॲसिड तर अजिबात नको.

दुधाचं नाजूक आहे, कळतं मला. दूध आंबलं की त्यात लॅक्टिक ॲसिड तयार होतं आणि ते कोरलेल्या रेघांत, कमरबंदाच्या मण्यांत अडकून बसतं, वर धूळ चिकटते, मुंग्या येतात. नारळाचं पाणी, पंचामृत तसंच. भांडण नको असेल तर एक तोडगा: खाली चौथऱ्यासमोर छोटी मूर्ती ठेवून तिचा अभिषेक करा, पुतळ्याला हार. तेही पटत नसेल तर अभिषेक झाल्याझाल्या, संध्याकाळी नाही, लगेच, टँकरच्या साध्या पाण्याने धुऊन घ्या. वर्षातून दोनदा साधा सौम्य साबण, मऊ ब्रश, पाणी, आणि पूर्ण वाळल्यावर मेणाचा पातळ हात देऊन सुती फडक्याने पुसायचं. झालं. पोपडे, कबुतरं, पोस्टर हे बाकीचं तुम्ही बघताच आहात. आणि हार घालायला पुतळ्याच्या हाताला शिडी टेकवू नका हो! हात, तलवार, लगाम हे सगळे पुढे आलेले भाग असतात, माणसाच्या वजनाचा हिशोब त्यात नसतो.

प्रश्न: पुतळा बसवायला परवानगी कुणाची लागते? आमच्या चौकात रस्ता रुंद आहे, मधोमध बसवला तर?
(नगरसेवक, विदर्भ)

मधोमध नाहीच. सुप्रीम कोर्टाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे, सार्वजनिक रस्ते, फूटपाथ, रस्त्याच्या कडा आणि लोकांच्या वापराच्या इतर जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नका असा. राज्य शासनाचे नियम त्यावर आहेत, कलेक्टर, पोलीस, जागेची मालकी, वाहतूक, मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता, नंतरची देखभाल कोण करणार याची हमी, असं सगळं. कटकट वाटते पण निम्मी कटकट रास्त आहे. बागेत, नगरपालिकेच्या आवारात, शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत बघा, लोक तिथे थांबून पुतळा बघतात तरी, चौकात सिग्नलवर कोण वर मान करतंय.

शिवाय चौकातला पुतळा आज ना उद्या हलतोच. मुंबईचा काळा घोडा बघा, १८७९ चा, इंग्लंडच्या युवराजाचा, १९६५ मध्ये उचलून राणीच्या बागेत नेला, जागेचं नाव मात्र तेच राहिलं, आणि २०१७ मध्ये तिथे स्वार नसलेला नुसता घोडा आणून बसवला. मला हे भारी वाटतं, लोकांना आठवत होता तो घोडाच, राजपुत्र कुणाच्या लक्षात होता!

प्रश्न: पुतळा बसवताना रात्रीच का बसवतात? आमच्या गावात क्रेनने तीनदा उचलून तीनदा खाली ठेवला, लोक म्हणाले अपशकुन झाला.
(वाचक, जळगाव जिल्हा)

रात्री कारण दिवसा लाइट बंद मिळत नाही. क्रेनचा बूम तारांमधून न्यायचा म्हणजे लाइनचा सप्लाय बंद पाहिजे, ट्रॅफिक नको, आणि उन्हात धातू इतका तापतो की हात लावता येत नाही.

अपशकुन वगैरे काही नाही, बोल्ट जुळले नसणार. कसं होतं, चौथरा बांधतो गावचा कॉन्ट्रॅक्टर, पुतळा येतो तीनशे किलोमीटरवरून, दोघांची पहिली भेट त्या रात्री. आमच्यावर ही वेळ आलेली आहे. चौथऱ्यात आठ बोल्ट काँक्रीटमध्ये पक्के, पुतळ्याच्या बेसप्लेटला आठ भोकं, क्रेनने अलगद खाली आणला, सगळे श्वास रोखून, आणि बोल्ट भोकापासून बरोबर चार सेंटिमीटर बाजूला! त्याने ड्रॉइंगवरचं माप बाहेरच्या कडेपासून घेतलं होतं, आम्ही मध्यापासून दिलं होतं. रात्रीचे अडीच, खाली बँड झोपलेला, क्रेनवाल्याचं मीटर चालू, पहाटेपर्यंत गॅस कटरने भोकं मोठी करत बसलो आणि वरून जाड वॉशर वेल्ड केले. तेव्हापासून मी साधी गोष्ट करतो, फाउंड्रीतच बेसप्लेटचा पत्र्याचा छाप काढतो, त्याच छापातली भोकं, आणि तो छाप स्वतः एसटीत घालून चौथऱ्यावर नेऊन बोल्ट त्यातून उभे करायला लावतो. कंडक्टरने त्याचं लगेज पण लावलं एकदा. क्रेनचा बेल्ट पण नीट बघा, पुतळ्याला साखळी लावू देऊ नका, रुंद पट्टा आणि खाली गोधडी. आणि बसवल्यावर प्लेटच्या खाली जी फट राहते त्यात न आकसणारं ग्राउट, म्हणजे फट भरायचा खास पातळ मसाला, भरायचं असतं, वाळू-सिमेंटचा माल थापून मोकळं व्हायचं नसतं.

प्रश्न: आजोबा स्वातंत्र्यसैनिक होते. गावाने अर्धपुतळा करायचं ठरवलंय पण फोटो एकच आहे, समोरून, तोही पुसट. बाजूने चेहरा कसा करणार?
(वाचक, सातारा)

घरच्यांना बोलवा. खरंच. नाकाची बाजूची रेघ, कानाची ठेवण, कपाळाचा उतार हे घराण्यात उतरतं, आम्ही अशा वेळी दोन-तीन नातवंडं, पुतणे यांना खुर्चीत बसवून बाजूने फोटो काढतो. एकदा तर आजोबांचा कान शेवटी पुण्यातल्या एका आयटीवाल्या पुतण्याचा निघाला, घरातल्या म्हाताऱ्या आत्याने मातीला हात लावून सांगितलं की हाच, पाळी अशीच चिकटलेली होती. आत्या असेल तर आधी तिला आणा, चष्मा विसरू नका तिचा.

प्रश्न: मी मिशिगनमध्ये ग्रँड रॅपिड्सला राहते. इथे चौकात लाल रंगाचं मोठं लोखंडी शिल्प आहे, त्यात ना माणूस ना घोडा. आपल्या छोट्या शहरांमध्ये असं काही का होत नाही?
(वाचक, अमेरिका)

ते काल्डरचं, अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर, १९६९ चं, ४३ फूट उंच आणि वजन ४२ टन, फ्रान्समध्ये बनवून तुकड्यांत जहाजाने आणलेलं. नाव फ्रेंचमध्ये आहे, अर्थ साधारण 'मोठा वेग', म्हणजे तुमच्या शहराच्या नावावरच कोटी. सरकारच्या कला निधीतून सार्वजनिक शिल्पाला पैसे मिळाले त्यातलं ते पहिलं, ४५ हजार डॉलर, बाकीचे गावाने जमवले. आणि तेव्हा तिथेही लोकांनी आरडाओरडा केलाच होता की हे काय भंगार आणलंय. आज शहराच्या बोधचिन्हात तेच आहे ना, कचऱ्याच्या गाड्यांवर सुद्धा.

आपल्याकडे का नाही? कारण आपल्याकडे पुतळा म्हणजे कोण, हा पहिला प्रश्न, काय हा नंतर. त्यात मला वाईट काही वाटत नाही, कोल्हापुरात इंग्रज गव्हर्नर विल्सनचा पुतळा बेचाळीसच्या चळवळीत बायकांनी विद्रूप केला आणि १९४५ मध्ये त्याच जागी बाबूराव पेंटरांनी केलेला महाराजांचा पुतळा उभा राहिला, त्या चौकाला तो पुतळा म्हणजे एक बातमीच होती. पण आता प्रत्येक चौकात बातमीच पाहिजे असं पण नाही. आमच्या एमआयडीसीच्या फाउंड्र्यांमध्ये काय काय ओतलं जातं, इंजिनाचे ब्लॉक, पंपांच्या बॉड्या, एखाद्या चौकात त्याचंच काहीतरी मोठं उभं करायला पाहिजे असं मी दोन-तीनदा मीटिंगमध्ये बोलून बघितलं. चहा आला मध्येच.

प्रश्न: पुतळ्याच्या आत काय असतं? मी सातवीत आहे. आमच्या सरांना पण माहीत नव्हतं.
(वाचक, सोलापूर)

तुझा प्रश्न सगळ्यात चांगला, म्हणून शेवटी ठेवला. आत अंधार असतो आणि स्टीलच्या नळ्यांचा पिंजरा असतो, झाडाच्या फांद्यांसारखा, प्रत्येक फांदी कातडीला, म्हणजे ब्राँझला, आतून कुठे ना कुठे पकडते. बाहेरून सगळं गुळगुळीत दिसतं पण आतून वेल्डिंगच्या जाड जाड रेघा तशाच ठेवलेल्या असतात, पायावर टाके घातल्यासारख्या. प्रत्येक तुकड्यावर खडूने नंबर असतो, 'डावा खांदा ४', 'शेपटी २' असं, ते पण राहतात. एका पुतळ्यात बुटाच्या बाहेरच्या बाजूला एक अंगठ्याचा ठसा आहे, समितीतले एक काका माती बघायला आले होते आणि माती ओली आहे का म्हणून दाबून बघितलं त्यांनी, आमच्या लक्षात आलं नाही, तो तसाच ब्राँझमध्ये उतरला. अजून आहे.

आणि एका घोड्याच्या पोटात माझी दोन किलोची हातोडी आहे. शेवटचा तुकडा वेल्ड करून बंद केला आणि मग हत्यारं मोजली. क्रेनने उचलला तेव्हा आतून आवाज आला, क्रेनवाला माझ्याकडे बघायला लागला, मी वर आभाळाकडे. त्यानंतरच्या प्रत्येक घोड्याला आम्ही पोटाखाली बोल्टचं झाकण ठेवतो, आत जाऊन गंज बघता यावा म्हणून, दर दोन-तीन वर्षांनी एक बारीक अंगाचा पोरगा टॉर्च घेऊन आत शिरतो. त्या पहिल्या घोड्याला झाकण नाही.